पिकअपच्या मागच्या चाकांचा लायनर: सातारा-सांगलीच्या रस्त्यांसाठी निवड, माप आणि बसवणी

पिकअप उभी असताना पुढच्या चाकाच्या वर हात घाला. बोटांना प्लॅस्टिकचं अस्तर लागेल. तोच लायनर. तसाच हात मागच्या चाकावर घातला, की बहुतेक गाड्यांत बोटं थेट पत्र्याला, वायरिंगच्या नळीला आणि गेल्या पावसाळ्यातल्या वाळलेल्या मातीला लागतात. पुढं इंजिन आणि त्याचे सॉकेट शेजारी असतात, म्हणून कंपनी तिथं लायनर देतेच. मागं नुसता हौदा तर आहे, या हिशोबानं ती जागा उघडी सुटते. खरं तर चिखल उडवायचं काम मागचीच चाकं जास्त करतात. इंजिनाचा जोर त्यांच्यावर, माल त्यांच्यावर आणि पाणंदीत रुतल्यावर जागच्या जागी फिरणारीही तीच.

दुकानात गेलात की लायनरची पुढची बाजू दाखवतात: काळी, चकचकीत, जाडजूड. माझं म्हणणं आहे, तो आधी उलटा करा. समोरून येणारा चिखल कुठलाही लायनर थोडाफार अडवतो. पण कुठून ना कुठून माती आणि पाणी त्याच्या पाठीमागं शिरतंच, आणि शिरलेलं बाहेर पडायला वाट आहे का, यावर पत्रा टिकायचा की जायचा ते ठरतं. पाठीमागं साचू देणारा लायनर बसवण्यापेक्षा उघडा पत्रा बरा, कारण उघडा पत्रा निदान धुता येतो आणि वाळतो.

आधी गाडी कुठल्या जातीची ते बघा

आपल्याकडं पिकअप म्हणून दोन अगदी वेगळ्या गाड्या चालतात. एक म्हणजे मालवाहू: बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, इंट्रा वगैरे. यांचा हौदा चासीच्या वर सपाट बसलेला असतो, चाकं त्याच्या खाली असतात आणि हौद्याची जमीन आणि टायर यांच्यामध्ये पत्र्याचं किंवा प्लॅस्टिकचं मडगार्ड असतं. कधी तेही तुटून गेलेलं असतं आणि मालकाला पत्ताच नसतो. यांना लागतो तो खरं तर रुंद, नीट गोलाई असलेला आतला मडगार्ड. बाजारात त्यालाही लायनरच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो.

दुसरी जात टोयोटा हायलक्स आणि इसुझू व्ही-क्रॉसची. यांत हौद्याच्या दोन्ही बाजूंना चाकाची कमान आत शिरलेली असते. बाहेरचा रंगीत पत्रा आणि हौद्याचा आतला पत्रा जिथं जोडलेला आहे, ती दुमड नेमकी चाकाच्या वर येते. गंज तिथूनच धरतो. या गाड्यांसाठी तयार साच्यातले लायनर मिळतात, पण घेताना एक गोष्ट तपासा. भारतात विकला जाणारा व्ही-क्रॉस (पूर्ण नाव डी-मॅक्स व्ही-क्रॉस) दुसऱ्या पिढीच्या बांध्याचा आहे. थायलंडमध्ये तिसरी पिढी २०१९ मध्येच आली, नंतर ऑस्ट्रेलियातही गेली. ‘डी-मॅक्स २०२१ साठी’ असं लिहिलेला तिकडचा लायनर वर्ष जुळलं तरी आपल्या गाडीला बसणार नाही. वर्षाऐवजी पिढी विचारा. हस्की लायनर्स, रफ कंट्री या अमेरिकी कंपन्यांचा माल ऑनलाइन छान दिसतो. पण त्यांचे मागचे लायनर मुख्यतः फोर्ड एफ-१५०, सिल्व्हरॅडो, रॅम अशा तिकडच्या गाड्यांच्या साच्यावर काढलेले असतात. ‘युनिव्हर्सल’ या शब्दावर तर अजिबात विश्वास ठेवू नका. सगळ्यांना बसणारा लायनर कुणालाच नीट बसत नाही, आणि जिथं बसत नाही तिथं माती साचते.

गाडी कुठल्या मातीत चालते

साताऱ्यापासून जतपर्यंत एकच सल्ला देणारा माणूस एक तर घाटावर गेलेला नाही, किंवा माणदेशात गेलेला नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. माण, आटपाडी, जत या बाजूला पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात दोन हवामानं.

महाबळेश्वर, पाटण, कोयनेकडची तांबडी माती धुतली की निघते. तिथला त्रास मातीपेक्षा ओलीचा: जून ते सप्टेंबर पत्रा वाळतच नाही. तिथं लायनर आणि पत्रा यांच्यामध्ये हवा खेळायला जागा हवी, जाडी थोडी कमी असली तरी चालेल. कराडहून कुंभार्ली घाटानं चिपळूणला जाऊन मासळी आणणाऱ्यांचं दुखणं निराळं. बर्फाचं खारट पाणी हौद्याच्या फटीतून थेट चाकावर गळतं. त्यांनी लायनरआधी हौद्याच्या फटी बघाव्यात, कारण वरून गळणारं मीठ लायनरच्या पाठीवर पडतं आणि समोरून ते दिसतही नाही.

जत, आटपाडी, माण, खटावकडं चिखल कमी, खडी आणि मुरूम जास्त. पुढच्या चाकानं उडवलेला दगड मागच्या कमानीच्या पुढच्या भागावर बसतो आणि रंगाचा टवका काढतो. इथं लायनर जाड आणि चिवट हवा, आणि तो कमानीच्या पुढच्या बाजूनं पुरेसा खाली उतरलेला हवा.

सगळ्यात अवघड काम कृष्णाकाठचं: कराड, वाळवा, पलूस, मिरज. इथली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि जिथं चिकटते तिथंच वाळते. उसाच्या हंगामात, साधारण दिवाळीपासून मार्चपर्यंत, शेतरस्ते ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांनी नांगरल्यासारखे झालेले असतात. त्यातून पिकअप खताची पोती घेऊन जाते. फाटक्या पोत्यातलं पोटॅश म्हणजे क्लोराइडचं मीठच. युरिया आणि अमोनियम सल्फेटही ओल धरून ठेवतात. काळी माती, खताची भुकटी आणि वाळायला न मिळालेली जागा, एवढं जमलं की पत्र्याला दुसरं काही लागत नाही. इथं एकच गोष्ट बघा: लायनर पान्ह्यानं पंधरा-वीस मिनिटांत निघतो का. निघत नसेल तर कितीही भारी असला तरी तो काळ्या मातीचा नव्हे.

कराडजवळच्या एका मिस्त्रींकडं अशाच एका गाडीचा फेल्टचा, म्हणजे जाड कापडाचा, लायनर काढताना मी उभा होतो. वरून सगळं ठीक. क्लिपा काढल्या तसा लायनर आपल्या वजनानं खाली आला आणि त्याच्यामागून कमानीच्या आकाराची आख्खी मातीची ढेप निघाली, एका बाजूला लायनरच्या कापडाची नक्षी उमटलेली. ढेपेत गव्हाचा एक दाणा उगवून सुकला होता. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं पत्र्यावर टकटक केलं. दोन ठिकाणी टणक आवाज, तिसऱ्या ठिकाणी भद. टोक लावलं तर आत गेलं. “दादा, हे शेत किती दिवस घेऊन फिरताय?” एवढंच ते मालकाला म्हणाले.

खाली वाकून नकाशा काढा

खरेदीआधी गाडी धुऊन घ्या आणि हातातली बॅटरी (टॉर्च) घेऊन चाकाच्या पोकळीत नीट बघा. मोबाइलवर फोटो काढून ठेवले तर दुकानात उपयोगी पडतात. काय काय बघायचं: डिझेल भरायची नळी कुठल्या बाजूनं येते (हायलक्स, व्ही-क्रॉससारख्या गाड्यांत ती एका चाकाच्या पोकळीजवळूनच उतरते, त्यामुळं डावा आणि उजवा लायनर सारखा नसतो), टेललाइटची वायरिंग कुठं बांधली आहे, ब्रेकचा होस पाइप, एबीएसची वायर आणि हँडब्रेकची केबल चाक वरखाली होताना किती हलतात, मागच्या ब्रेकचा जोर वजनानुसार कमीजास्त करणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याची दांडी कुठं आहे. त्या दांडीला लायनर टेकला तर गाडी रिकामी आहे की भरलेली, हे ब्रेकला चुकीचं कळेल. बीएस-६ गाडीला धूर साफ करणाऱ्या युरियाच्या द्रवाची टाकी असेल तर तिचीही जागा बघा.

शिवाय कंपनीनं आधीच पाडलेली भोकं मोजा. मडगार्डचे बोल्ट, बंपरचे ब्रॅकेट, हौद्याचे कंस यांना धरून लायनर बसत असेल तर उत्तम, कारण प्रत्येक नवं भोक ही गंजाला दिलेली नवी जागा असते.

माप: रिकाम्या गाडीवर घेतलेलं माप फसवतं

बहुतेक लायनर टायरला घासतात ते याच पायरीत घाई केल्यामुळं. दुकानात गाडी रिकामी उभी असते, टायर आणि लायनरमध्ये वीतभर जागा दिसते, सगळे खूश. मग गाडी मार्केट यार्डातून हळदीची पोती भरून निघते आणि पहिल्याच गतिरोधकावर मागून भर्रकन आवाज येतो.

रिकामी गाडी सपाट जागी उभी करा. टायरचा माथा ते वरचा पत्रा हे अंतर मोजा. मग एक्सल आणि त्याच्यावर चासीला बसवलेला बंप स्टॉपचा रबर यांमधलं अंतर मोजा. चाक जास्तीत जास्त किती वर येईल हे हे दुसरं माप सांगतं, पण पूर्ण सांगत नाही. रबर स्वतः दबतो. शिवाय बंप स्टॉप चासीजवळ आहे आणि चाक त्याच्या बाहेरच्या बाजूला. दोन्ही चाकं एकदम न उसळता एकच चाक खड्ड्यातून उसळलं तर एक्सल तिरका होतो आणि ते चाक बंपच्या अंतरापेक्षा जास्त वर जातं. म्हणून बंपचं अंतर ८० मिलिमीटर भरलं तर मी टायर ११० ते १२० मिलिमीटर वर येईल असं धरून चालतो, आणि त्यावर आणखी दोन बोटं मोकळी ठेवतो. एवढं वजा करून जी जागा उरते, तेवढ्यातच लायनर आणि त्याचे बोल्ट बसले पाहिजेत.

हिशोब जमला तरी खात्री करायला शाडू वापरा. मूर्तिकाराकडून मूठभर शाडू आणा, पत्र्याला आतून तीन-चार ठिकाणी वेगवेगळ्या जाडीचे गोळे चिकटवा: माथ्यावर, मागच्या बाजूला आणि आतल्या कडेला पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) बाजूनं. गाडी नेहमीच्या मालानं भरून रोजच्या वाईट रस्त्यावरून आणा. कुठला गोळा चपटा झाला, त्यावर टायरची नक्षी उमटली का, ते बघा. दोन्ही बाजू तपासा. वापरलेल्या गाडीत एका बाजूचे पाटे दुसऱ्यापेक्षा बसलेले असणं नेहमीचं आहे.

इथं मालाबद्दल प्रामाणिक राहा. टाटा योद्धा २.० ची कंपनीनं सांगितलेली क्षमता २,००० किलो आहे. तुम्ही त्यावर आणखी भरणार असाल तर माप त्याच वजनावर घ्या. जादा पाटा टाकायचा असेल, टायर मोठे करायचे असतील किंवा रिमोल्ड टायर चढवायचे असतील, तर ते आधी करा आणि मग मोजा. रिमोल्डचा पट्टा उखडला की तो फिरताना लायनरवर आसूड ओढतो. त्याला कुठलाच लायनर पुरत नाही.

कशाचा घ्यावा

एचडीपीई, म्हणजे घट्ट जातीचं पॉलिथिन, हा माझ्या पहिल्या पसंतीचा. चिवट असतो, दगड लागला तर दबतो पण फुटत नाही, आणि चिखल त्यावर घट्ट धरत नाही. काळा रंगच घ्या: त्यातला कार्बन उन्हापासून वाचवतो. तोटा असा की त्याला रंग किंवा गोंद धरत नाही, म्हणून चिकटवून बसवतो म्हणणाऱ्याकडं जाऊ नका. तो उन्हात पसरतोही. मीटरभर लांबीचा एचडीपीईचा तुकडा ३० अंशांच्या फरकानं ३ ते ६ मिलिमीटर वाढतो. बसवताना हे विसरलं की मे महिन्यात मधेच फुगा येतो आणि तो फुगा टायरला लागतो.

पॉलिप्रॉपिलीनचे लायनर हलके असतात, कंपनीचे पुढचे लायनर बऱ्याचदा याच जातीचे. ठीक आहेत, खडीच्या रस्त्यावर जरा जाड घ्या. एबीएस (इथं हे प्लॅस्टिकचं नाव, ब्रेकच्या एबीएसशी संबंध नाही) दिसायला सगळ्यात देखणा, आकार छान धरतो. पण उन्हाळ्यामागून उन्हाळे गेले की कडक होतो आणि मग दगडानं चिरतो. पेट्रोल-थिनरचंही त्याला वावडं. फेल्ट, म्हणजे ते जाड न विणलेलं कापड, आवाज छान मारतं, म्हणून कारमध्ये आवडतं. शहरात वापरायच्या हायलक्सला चालेल. कृष्णाकाठी नको, कारण ढेपेची गोष्ट वर सांगितलीच आहे. फायबर दगडानं तडकतं. साधा पत्रा वाजतो आणि स्वतःच गंजतो. कन्व्हेअर बेल्टचा तुकडा मागच्या फ्लॅपला उत्तम, कमानीवर मात्र जड पडतो आणि लोंबतो.

दुकानदार सांगेल ते प्लॅस्टिक खरंच तेच आहे का? मागं त्रिकोणात आकडा असतो: २ म्हणजे एचडीपीई, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. आकडा नसेल तर कापलेला कोपरा मागा आणि पाण्याच्या बादलीत टाका. एचडीपीई आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके, तरंगतात. एबीएस बुडतो, पीव्हीसी तर लगेच बुडतो, आणि खडूची भुकटी ठासून भरलेला भंगार मालही बुडतो. मग तोच तुकडा दोन्ही हातांनी पूर्ण दुमडा, उलटा दुमडा. चांगला तुकडा कुरकुर करेल, पण तुटणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दुमडीला मोडला तर दुकानदाराला राम राम करा.

निळ्या ड्रमबद्दल विचारणार हे ठाऊक आहे. कुपवाड, मिरजेच्या एमआयडीसीतून आलेले ड्रम कापून मडगार्ड करायची पद्धत जुनी आहे, आणि माल एचडीपीईच असल्यानं कल्पना वाईट नाही. अडचण गोलाईची. मोठ्या ड्रमचा व्यास सुमारे ५८ सेंटिमीटर. बोलेरो पिकअपचा २१५/७५ आर १५ टायर घेतला तर त्याचाच व्यास सुमारे ७० सेंटिमीटर, आणि लायनर त्याहून मोठ्या वर्तुळावर बसायला हवा. म्हणजे ड्रमचा तुकडा ताणून उघडावा लागतो, आणि तो कायम परत मिटायला बघतो. त्या ओढीनं आधी बोल्टची भोकं लांबतात, मग कडा टायरकडं येते. करायचंच असेल तर दोन तुकडे करा, कडेला जास्त बोल्ट द्या. ड्रममध्ये पूर्वी काय होतं ते कळल्याशिवाय आणि तो आतून नीट धुतल्याशिवाय त्याला ग्राइंडर किंवा गॅस लावू नका. रिकाम्या ड्रममधल्या वाफेनं स्फोट होतात.

आकार: किती झाकायचं, कुठं मोकळं सोडायचं

गाडी पुढं जाताना टायरची मागची बाजू वर चढत असते. म्हणून ताजा चिखल आधी कमानीच्या मागच्या भागावर, मग माथ्यावर बसतो. पुढच्या भागावर येतात ते पुढच्या चाकानं मारलेले दगड. मालवाहू गाडीत मागचा भाग आणि माथा आधी झाका. खडीच्या भागात पुढची बाजूही. आतली, पाट्यांकडची बाजू बरेच लायनर अर्धवट सोडतात. तिथं वायरिंग असेल तर ती बाजू झाकणारा घ्या, पण पाटे आणि शॉकॲब्सॉर्बर हलायला मोकळीक राहू द्या.

एकसंध तुकडा मिळाला तर सगळ्यात बरं. दोन तुकडे असतील तर जोड कसा आहे बघा. घराच्या कौलांसारखा वरचा तुकडा खालच्यावर, अशी सवयीनं बसवणी होते. चाकाच्या मागच्या भागात याच्या उलट हवं. तिथं चिखल खालून वर चढतो, म्हणून खालचा तुकडा टायरच्या बाजूनं वर आला पाहिजे आणि वरच्या तुकड्याची कडा त्याच्या पाठीमागं लपली पाहिजे. नाही तर प्रत्येक फेरा चिखल त्या फटीत ठोसून भरतो. असं केल्यानं थोडं पाणी फटीतून मागं ओघळेल. ओघळू द्या, त्याला खालून वाट द्या.

ती वाट म्हणजे खालच्या कडेला सोडलेली १० ते १५ मिलिमीटरची फट, किंवा सर्वांत खालच्या जागी पाडलेली बोटभर रुंदीची भोकं. तयार लायनरला ती नसतील तर स्वतः पाडा. मिस्त्री कडेनं सिलिकॉन मारायला उत्सुक असतात, “पाणीच जाणार नाही मालक” म्हणून. पाणी जातंच, सिलिकॉनमुळं ते फक्त परत येत नाही. वरच्या कडेला रबरी बिडिंग चालेल, खालची कडा उघडीच राहू द्या.

बसवण्याआधी पत्रा

लायनर आणला आणि लगेच ठोकला, असं करू नका. प्रेशर पंपानं कमान, दुमड आणि कंसांच्या मागची जागा धुऊन घ्या, आणि गाडी दोन दिवस कडक उन्हात वाळू द्या. दुमडीत अडकलेलं पाणी हातरुमालानं निघत नाही. मग तारेच्या ब्रशनं सुटा गंज काढा, पॉलिश पेपर मारा, गंज उरलाच असेल तर फॉस्फोरिक अॅसिडचं रस्ट कन्व्हर्टर लावा आणि वर रेडऑक्साइड किंवा झिंकचा प्रायमर, त्यावर रंग. रबराचं अंडरबॉडी कोटिंग मारायचं असेल तर ते या सगळ्यानंतर. ओल्या गंजावर मारलेलं कोटिंग गंजाला पांघरूण घालतं. पत्रा टोचून भोक पडत असेल तर लायनर विसरा, आधी डेंटिंगवाल्याकडं पत्रा बदला.

सर्व्हिसिंगच्या वेळी खालून डिझेल-ऑइल फवारायची पद्धत अजून आहे. त्यानं पत्रा चमकतो, पण पाट्यांचे बुश आणि ब्रेकचे रबर फुगतात, आणि त्या तेलावर धूळ थर धरते. लायनर बसवणार असाल तर ते बंद करा.

बसवणी

जॅकवर चढवून चाक काढा, पण नुसत्या जॅकवर गाडी ठेवून आत डोकं घालू नका. पुढच्या चाकांना दगड किंवा ओट लावा, चासीखाली घोडी (लोखंडी स्टँड) लावा. चाक काढलं की एक्सल खाली लोंबतो आणि आत भरपूर जागा दिसू लागते. त्या दिसण्यावर जाऊ नका, शाडूनं काढलेल्या खुणा धरा.

लायनर आधी नुसता धरून बघा. डिझेलच्या नळीपासून, होस पाइपपासून तो सुटा आहे ना, हे हातानं चाचपा. कुठं जवळ येत असेल तर तिथं कापा आणि कापलेली कडा पॉलिश पेपरनं गोल करा. धारदार कडा हलत राहिली की वायरिंगची नळी कातरते.

आधीच्या भोकांतून एम-६ चे बोल्ट, जस्त चढवलेले किंवा स्टेनलेसचे, आणि प्लॅस्टिकच्या बाजूला रुंद वायसर. लायनरची भोकं गोल न ठेवता लांबट करा, म्हणजे उन्हात तो वायसरखाली सरकेल. मधलं एक भोक मात्र गोल ठेवा, तिथून तो दोन्हीकडं पसरेल. बोल्ट पिळून घट्ट करायचे नाहीत. वायसर टेकला, हातानं लायनर जरासा सरकतो, एवढंच. सुटू नयेत म्हणून आत नायलॉनची कडी असलेले नट लावा.

नवं भोक पाडावंच लागलं तर चासीत कधीच नाही, फक्त कंसात किंवा पत्र्यात, आणि पलीकडं काय आहे हे बघूनच. ड्रिलच्या पात्यावर प्लॅस्टिकच्या नळीचा तुकडा असा चढवा की टोक १० मिलिमीटरच बाहेर राहील; हात घसरला तरी पातं आत घुसत नाही. भोकाच्या उघड्या कडेला प्रायमर लावा, वाळू द्या, मग बोल्ट. खालून वर हौद्याच्या जमिनीत सेल्फ स्क्रू मारणं हा आळशी माणसाचा उपाय. त्याचं टोक हौद्यात वर येतं आणि पहिलं बेदाण्याचं खोकं किंवा हळदीचं पोतं फाडतं. माल तासगावला पोचेपर्यंत मालकाला कळतही नाही.

डावी बाजू झाली म्हणून उजवी डोळे झाकून तशीच करू नका. नळी आणि वायरिंग बघून ती वेगळी कापावी लागते.

कायदा, पासिंग आणि दुकानदाराला विचारायचं

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीमधल्या तपशिलाला धक्का लागेल असा बदल करता येत नाही. लायनर त्यात येत नाही: वजन, बॉडीचा प्रकार, टायर काहीच बदलत नाही. मात्र त्याच्या निमित्तानं टायर रुंद केले किंवा कमान कापून मोठी केली तर प्रश्न येतो. व्यावसायिक गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी पासिंग असतं. एमएच-१०, एमएच-११ असो की एमएच-५०, सडलेला पत्रा आणि लोंबणारं मडगार्ड तिथं नजरेत येतंच. गाडी वॉरंटीत असेल तर नवी भोकं पाडण्याआधी शोरूमला विचारून घ्या.

दुकानात किंमत विचारताना एका बाजूची की जोडीची, नट-बोल्ट धरून की वेगळे, हे आधी विचारा. सुट्या क्लिपा नंतर मिळतात का? माप चुकलं तर परत घेतील का? कापल्यावर कुणीच परत घेत नाही, म्हणून कापण्याआधी धरून बघा.

पहिला महिना आणि पुढं

पहिल्या आठवड्यात एकदा भरलेल्या गाडीनं फिरून या आणि लायनरवर चमकलेला पट्टा दिसतो का ते बॅटरीनं बघा. घासलं की प्लॅस्टिक तिथं गुळगुळीत होतं. दिसलं तर तिथला बोल्ट हलवा किंवा तेवढा भाग कापा. ‘घासून घासून आपोआप बसेल’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. महिन्याभरानं सगळे बोल्ट एकदा हातानं तपासा.

वॉशिंग सेंटरवर पोरगा लायनरच्या समोरून पाणी मारतो आणि पुढच्या गाडीकडं जातो. त्याला थांबवा आणि नोझल खालच्या फटीतून वर, पाठीमागं धरायला सांगा. आधी काळं पाणी येईल, मग गढूळ. स्वच्छ येईपर्यंत चालू राहू द्या. काळ्या मातीत चालणाऱ्या गाडीचा लायनर वर्षातून दोनदा पूर्ण काढा: एकदा उसाचा हंगाम संपल्यावर पावसाच्या आधी, आणि पुन्हा पावसाळ्यानंतर. काढल्यावर पत्र्यावर टकटक करून आवाज ऐका. रंगाला फोड आलेले दिसले तर ते खरवडून प्रायमर लावा, परत झाकू नका.

गाडी पुराच्या पाण्यात बुडली असेल तर वाट बघायची नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात सांगलीत ज्या गाड्या पाण्याखाली गेल्या, त्यांच्या प्रत्येक पोकळीत गाळ बसला होता, आणि तो बारीक गाळ वाळला की नोझललाही दाद देत नाही. पाणी ओसरल्यावर गाळ ओला असतानाच लायनर उतरवा, गाडी धुवा, ब्रेक तपासून घ्या आणि पत्रा पूर्ण वाळल्याशिवाय लायनर परत चढवू नका. त्यासाठी सीटखालच्या डब्यात जादा क्लिपा, चार बोल्ट आणि दहा नंबरचा पान्हा ठेवा. जुन्या क्लिपा काढताना हमखास तुटतात.